कोटेशन अप्पा

आमच्या सोसायटीत कुणाला काही घ्यायचं असलं, तर तो आधी दुकानात जातो आणि मग पस्तावतो. अप्पांचा क्रम वेगळा. ते आधी घरी बसून यथास्थित पस्तावून घेतात. मग जमलंच तर दुकानात जातात.

स्वारगेटच्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आमची तीन मजली, बिनलिफ्टची इमारत आहे. गॅलरीत उभं राहिलं की स्टँडवरची घोषणा फलाट क्रमांकासकट ऐकू येते. अप्पा पहिल्या मजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. एका सरकारी खात्याच्या भांडार शाखेत त्यांची ३४ वर्षं गेली. टाचणीपासून ताडपत्रीपर्यंत काहीही घ्यायचं तर तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता आखायचा, सगळ्यात कमी दराखाली लाल रेघ ओढायची आणि ‘मान्यतेस्तव सादर’ लिहून फाइल वर ढकलायची. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन अप्पा घरी आले, तेव्हा खुर्ची, टेबल, शिक्का सगळं मागे राहिलं. तीन कोटेशनं मात्र त्यांच्याबरोबर पीएमटीत बसून आली, ती कायमची मुक्कामाला.

तेव्हापासून अप्पांच्या घरी छत्री दिवाळीत येते आणि स्वेटर मे महिन्यात. कारण तेव्हा भाव पडलेले असतात. एकदा कुकरची रिंग गेली. कंपनीची, कंपनीसारखी आणि कंपनीची म्हणून विकली जाणारी, अशा तीन रिंगांचा तक्ता पुरा होईपर्यंत काकूंनी सव्वा महिना भात पातेल्यात केला. तो घरात सगळ्यांना इतका आवडला की खरेदीच रद्द झाली. ‘प्रस्ताव दप्तरी दाखल,’ अप्पा म्हणाले आणि वही मिटली.

सोसायटीतल्या पोरांनी त्यांना ‘कोटेशन अप्पा’ म्हणायला सुरुवात केली. अप्पांना ते ठाऊक आहे. पण ते त्यांना टोपणनाव वाटत नाही, पदनाम वाटतं.

ही सेवा ते बाहेरच्यांनाही देतात. मागे एक खेड्यातले गृहस्थ, हातात दोन पिशव्या, आमच्या फाटकाशी थांबून विचारत होते, ‘‘साताऱ्याची गाडी कुठं लागते?’’

‘‘कोणती पाहिजे?’’ अप्पा गॅलरीतून. ‘‘साधी लालपरी, हिरकणी का शिवशाही?’’

गृहस्थांनी पिशव्या खाली ठेवल्या. तिथंच ते फसले. भाडं किती, थांबे किती, खंबाटकीच्या घाटात कुठली गाडी दमते, आणि सकाळची वेळ असल्यामुळे जाताना डाव्या खिडकीला ऊन कसं येतं, असा तोंडी तक्ता सुरू झाला. तो पुरा होईस्तोवर साताऱ्याच्या दोन गाड्या सुटल्याची घोषणा मी वरून स्वतः ऐकली.

गेल्या वर्षी काकूंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. जग एकदम लख्ख दिसायला लागलं. भिंतीला रंग द्यायला हवा हे दिसलं, माझा गंजी फाटका आहे हे दिसलं. आठ-दहा दिवसांनी त्या म्हणाल्या, ‘‘अहो, आता एक फ्रेम घेऊ या का?’’

दुसऱ्या दिवशी अप्पा चष्म्याच्या तीन दुकानांची कोटेशनं घेऊन हजर. एक धातूची, एक शेलची, एक बिनकाठाची. काकूंनी ते तिन्ही कागद गरम कढईखाली घातले.

‘‘चष्म्याची नव्हे हो. फोटोची. सांगलीला ताईकडे आहे ना, आपोआप फोटो बदलते ती.’’

मागणी उगीच नव्हती. या घरातली सगळी माणसं दोन ठिकाणी कोंडलेली होती. जुनी माळ्यावरच्या ट्रंकेत आणि नवी अप्पांच्या मोबाइलमध्ये. त्यातल्या त्यात ट्रंक उघडणं सोपं. काकूंनी नातीचा फोटो बघायला मागितला की अप्पा मोबाइल देत, पण स्वतः शेजारी उभे राहत. आणि मिनिटाभरात, ‘‘बास आता, दोन टक्के उतरली.’’

तर अप्पांनी नवी दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘विषय : फोटो फ्रेम, विजेवर चालणारी, नग १.’ आणि छताला काठी ठोकून मला खाली बोलावलं. मी कम्प्युटरवर काम करतो म्हणजे विजेवर चालणाऱ्या यच्चयावत वस्तूंचा मी तांत्रिक सल्लागार, असं त्यांनी ठरवून टाकलेलं आहे.

मी मोठ्या औदार्यानं म्हटलं, ‘‘अप्पा, माझ्याकडे जुना टॅब्लेट पडलाय. तो स्टँडवर ठेवू, फोटो फिरत राहतील. फुकट.’’

अप्पांनी माझ्याकडे ऑडिटला आलेल्या माणसासारखं बघितलं. ‘‘बॅटरीचं काय? दिवसरात्र चार्जरला लावलेली बॅटरी फुगते. फुगली की पडदा उचलते. उद्या पेट घेतलान, तर पंचनाम्यात नाव कुणाचं घालू? तुझं?’’

मी गप्प बसलो. वाईट याचं वाटलं की त्यांचं बरोबर होतं. या फ्रेमांचा तोच एक गुण असतो. बहुतेकींना बॅटरीच नसते. अ‍ॅडॉप्टरवर चालतात, प्लग काढला की मरतात. फुगण्याचा प्रश्न नाही.

मग वाय-फायवाल्या फ्रेमा. मी उत्साहानं सांगितलं की घरच्या कुणीही, कुठूनही अ‍ॅपमधून फोटो पाठवायचा, तो थेट इथे शोकेसवर येऊन पडतो. साताऱ्याहून तुमची लेक पाठवील, सांगलीहून मावशी पाठवतील. अप्पांनी तीन दिवस विचार केला आणि तीन आक्षेप काढले. पहिला, ‘‘फोटो साताऱ्याहून निघणार, स्वारगेटला पोचणार. मधे तो कुठं जाऊन येतो?’’ मी म्हटलं, कंपनीच्या सर्व्हरवर, परदेशात असेल कुठंतरी. ‘‘म्हणजे शिरवळमार्गे न येता सिंगापूरमार्गे!’’ दुसरा, ‘‘ती कंपनी उद्या बसली, तर अ‍ॅप बंद. मग ही फ्रेम म्हणजे पाटी.’’ तिसरा आक्षेप त्यांनी आवाज खाली आणून, स्वयंपाकघराकडे बघत सांगितला. ‘‘कुणीही पाठवणार म्हणजे कुणीही. सांगलीच्या ताईंना दुसरा उद्योग नाही.’’

वाय-फायवर फुली. मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह घेणारी, साधी, रिमोटवाली, हे ‘तांत्रिक लिफाफ्यात’ ठरलं. ‘आर्थिक लिफाफा’ उघडायला आम्ही मंडईजवळच्या तपकीर गल्लीत गेलो.

स्वारगेट ते मंडई आता जमिनीखालून मेट्रो जाते. २९ सप्टेंबर २०२४ ला तिचं उद्घाटन झालं. पण अप्पा खरेदीला जाताना शिवाजी रस्त्यानं चालत जातात आणि येतानाच मेट्रोत बसतात. जाताना अजून काही खर्च झालेला नसतो, त्यामुळे पाय हलके असतात, असं त्यांचं म्हणणं. वाटेत ते फारसे बोलत नाहीत. खिशात शिंप्याची टेप, हातात वही.

पहिल्या दुकानात त्यांनी टेप काढली. ‘‘दहा इंची म्हणता? ही साडेआठच भरतेय.’’

‘‘काका, ते तिरकं मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.’’

‘‘जमीन अशी तिरकी मोजून विकली असतीत, तर तलाठ्यानं आत टाकलं असतं!’’ म्हणत त्यांनी वहीत टिपलं, ‘१०.१ इंच (तिरके). प्रत्यक्षात ८.५ × ५.३.’ मी इतकी वर्षं टीव्ही बघतोय, पण माझा टीव्ही खरा केवढा आहे हे मला त्या दिवशी घरी येऊन मोजल्यावर कळलं.

दुसऱ्या दुकानात सात इंची स्वस्त फ्रेम होती, ८०० बाय ४८० पिक्सेलची. तिच्यावर दुकानदाराच्या बाळाचा फोटो लागला होता. ते बाळ रांगोळीच्या ठिपक्यांतून काढल्यासारखं दिसत होतं. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत ‘फुल एचडी सपोर्ट’. मी ते वाचून दाखवलं. अप्पा हसले. भांडार शाखेतल्या माणसाला खोक्यावरचं वाचून दाखवू नये. ‘‘सपोर्ट म्हणजे मोठा फोटो दिला तर नाकारणार नाही, एवढंच. दाखवणार आपल्या ऐपतीनं. आमच्या साहेबांना इंग्रजी सपोर्ट होतं, ते असंच.’’

तिसऱ्या दुकानात १२८० बाय ८०० ची मिळाली, आणि तिथं अप्पा अचानक जमिनीवर बसले. फरशीवर, मांडी घालून. दुकानात गर्दी, वर काउंटर, खाली अप्पा. पोऱ्या पाणी घेऊन धावला. ‘‘काका, चक्कर आली?’’

‘‘पॅनेल बघतोय. चालू ठेव.’’

हलक्या पडद्याकडे खालून बघितलं की चेहरे काळवंडतात, निगेटिव्हसारखे दिसायला लागतात. आयपीएस म्हणतात त्या पॅनेलचं तसं होत नाही. वरून, खालून, कडेनं, माणूस तोच दिसतो. अप्पांनी खाली बसून बघितलं, मग डाव्या अंगाला कलून, मग उजव्या. दोन गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून गेली. समाधान झाल्यावर ते उठले, गुडघे झटकले आणि घासाघीस सुरू केली. ५,८०० रुपये, जीएसटीच्या पक्क्या बिलासह. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का उलटा पडला म्हणून पुन्हा मारायला लावला.

परत येताना मेट्रोत मी विचारलं, ‘‘अप्पा, खाली कशाला बसलात हो? उभ्यानं वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं की.’’

‘‘ही भाजी निवडायला खाली बसते ना,’’ अप्पा म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून स्टेशनं मोजायला लागले. मंडईनंतर एकच स्टेशन आहे.

घरी आल्यावर फ्रेम शोकेसवर चढण्याआधी जडसंग्रह नोंदवहीत चढली. ती वही अप्पांनी घरीही ठेवलेली आहे. मिक्सर, पंखे, पाट, सगळं तिच्यात क्रमांकानं आहे. मग पिवळ्या ऑइलपेंटनं फ्रेमच्या पाठीवर, बारीक ब्रशनं, ‘भां./फो.फ्रे./१’ असं घातलं गेलं. काकू चहा देताना म्हणाल्या, ‘‘माझ्या पाठीवर नाही लिहिलंत, नशीब माझं.’’

विजेचा खर्चही निघाला. अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे फार तर १० वॅट. दिवसाला बारा तास, महिन्याला ३.६ युनिट. झिरोचा बल्ब नावाला झिरो असून १५ वॅटच्या घरात खातो, त्यामानानं फ्रेम गरीब. मंजूर.

यानंतर पहिला अपघात झाला आणि तो अप्पांच्या हयातभराच्या तत्त्वानं झाला. कार्ड घेताना त्यांनी ३२ जीबी आणि ६४ जीबीचे भाव बघितले. दर जीबीला ६४ स्वस्त पडतं. लाल रेघ! ते घातलं, तर फ्रेम म्हणे कार्डच नाही. काढलं, फुंकलं, घातलं. कार्ड नाही. माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ३२ जीबीपर्यंत. मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीनं आखलेली येतात आणि या स्वस्त फ्रेमांना फॅट-३२ एवढीच एक लिपी वाचता येते. मी म्हटलं, कम्प्युटरवर फॉरमॅट करून देतो, बहुधा चालेल. ‘‘बहुधा?’’ अप्पांनी तो शब्द चिमटीत धरून बाजूला ठेवला आणि पुन्हा तपकीर गल्ली गाठून बदलून आणलं. वहीत नोंद : ‘न्यूनतम दर स्वीकारल्याने नुकसान. पुनरावृत्ती टाळावी.’ माझ्या माहितीत ही त्यांच्या कारकिर्दीतली एकमेव कबुली.

आता फोटो. अप्पांनी मोबाइलमधले एकूण एक फोटो कार्डावर चढवले. निवडायचे का नाहीत, तर निवड म्हणजे पक्षपात. भरले ४,३१२. दर फोटो दहा सेकंद. सकाळी सात ते एक आणि दुपारची झोप झाल्यावर चार ते दहा, असे बारा तास. बारा तासांत बसतात ४,३२०. आठ फोटो कमी पडत होते. जागा रिकामी ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन आठ डब्यांचे आठ फोटो काढले.

रविवारी संध्याकाळी सोसायटीला चिवडा आणि कॉफीचं आमंत्रण. फ्रेम शोकेसच्या मधोमध, उजवीकडे गणपती, डावीकडे बॅरोमीटर. अप्पांनी रिमोट दाबला. परकर-पोलक्यातली नात आली. ‘‘अगंबाई!’’ सगळ्या बायका एका सुरात. दहा सेकंदं झाली. विजेचा मीटर आला, आकड्यांसकट. मग गॅसची पावती. मग गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू, एक्स्पायरीची. मग सारसबागेजवळ लावलेली स्कूटर, शेजारचा खांब ओळखू यावा अशी. मग डब्यांपैकी एक, शेंगदाण्याचा.

अप्पांच्या मोबाइलमध्ये काय असतं हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं. हा माणूस फोटो काढतो ते आठवण राहावी म्हणूनच, फक्त कशाची, यात आमचा आणि त्यांचा मतभेद. पासबुकाचं पान आलं, तेव्हा सगळ्यांनी सभ्यपणे चिवड्याकडे नजर वळवली. पण दहा सेकंद चिवड्याकडे बघत राहणं अवघड असतं. शेवटची दोन-तीन सेकंदं आम्ही सगळे पासबुकाकडेच बघत होतो. नंतर गळकी टाकी आली आणि तिच्यापाशी उभे असलेले सोसायटीचे चेअरमन, पाण्यात भिजलेले, हात कमरेवर. चेअरमन तेव्हा समोर बसून कॉफी पीत होते.

‘‘हा कधी काढलात?’’

‘‘मार्चात. पुरावा,’’ अप्पा म्हणाले. ‘‘अजून तीन आहेत, येतील.’’

लोक लवकर उठले.

पुढच्या आठवड्यात जावई साताऱ्याहून आले. त्यांनी आपले फोटो मोठ्या हौसेनं, मूळ दर्जात, पेनड्राइव्हवर आणून दिले होते. फ्रेम सगळं दाखवी, मीटर दाखवी, डबे दाखवी. जावयांचा एकही फोटो येईना. तेवढी वेळ आली की ती गपकन पुढच्यावर जाई. जावई पहिला तास हसत होते. दुसऱ्या तासाला त्यांनी पाय पोटाशी घेतले. काकूंचा जीव वरखाली, कारण जावई आधीच मानपानाचे. मला काठी ठोकून बोलावणं आलं. कारण साधं होतं. जावयांचा आयफोन. २०१७ पासून ते फोन फोटो ‘हेइक’ नावाच्या प्रकारात साठवतात आणि हलक्या फ्रेमांना जेपीजीपलीकडचं काही कळत नाही. ते फोटो बदलून दिल्यावर जावई अखेर शोकेसवर उगवले, पण आडवे. तेही दुरुस्त केलं. जाताना त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, सासऱ्यांशी नाही.

मधे एकदा रात्री वीज गेली आणि आली. या फ्रेमचं घड्याळ वीज गेली की सगळं विसरतं आणि बारापासून मोजायला लागतं. त्यामुळे तिची सकाळ भलत्याच वेळी उजाडली आणि अंधाऱ्या खोलीत अप्पांचे स्वर्गवासी मोठे बंधू लख्ख उजळून निघाले. सांगलीच्या ताई नेमक्या तेव्हा मुक्कामाला होत्या आणि पाणी प्यायला उठल्या होत्या. ती किंकाळी मी वर ऐकली. स्टँडवरही ऐकली असावी.

महिन्याभरानं मी काही कामाला खाली गेलो, तर काकू मेथी निवडत बसल्या होत्या. समोर फ्रेम, फ्रेमवर मीटर. ‘‘बघून बघून मला रीडिंग पाठ झालंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माणसं कुठायत रे?’’

मी उठलो आणि माळ्यावरची ट्रंक काढली.

आत काळ्या पानांचा आल्बम, चारी कोपऱ्यांना चिकटवलेले चौकोनी फोटो, मधे बटरपेपर. आगफाचा क्लिक थ्री. एकेकाळी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा म्हणजे हाच. १२० चा रोल, त्यात बारा फोटो, सहा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटर. अप्पांनी लग्नानंतर, १९७४ सालच्या दिवाळीत घेतलेला, दिवाळी झाल्यावर. बारा फोटोंचा रोल ते वर्षभर पुरवत. प्रत्येक फोटोमागे मुहूर्त, स्थळ, पोशाख सगळं आधी ठरलेलं. असे तीन रोल, ३६ फोटो. पुढे त्यांनी हिशेब केला आणि कॅमेरा ट्रंकेत गेला.

मी सहाशे डीपीआयला स्कॅन केले. सहा सेंटिमीटरचे चौदाशे पिक्सेल होतात, म्हणजे पडद्याला पुरून उरले. अप्पांनी गणित तपासलं आणि मान डोलावली. ४,३२० फोटो उतरवले गेले. ३६ चढले.

लागले मात्र अर्धवट. पर्वतीच्या पायऱ्यांवर काकू उभ्या, नऊवारीत, पण भुवयांच्या वर काही नाही. पेशवे पार्कात काकू, मागे फुलराणी. तिथंही कपाळ गायब.

‘‘माझं कुंकू कुठं गेलं?’’ काकूंनी विचारलं.

पडदा आडवा, फोटो चौकोनी. फ्रेमला दोन पर्याय असतात. एक तर फोटो ताणून पडदा पूर्ण भरायचा, म्हणजे वरचं-खालचं कापलं जातं. नाहीतर फोटो पूर्ण दाखवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. अप्पांनी वहीत मांडलं. पहिल्या पर्यायात फोटोचा ३७.५ टक्के भाग जातो. दुसऱ्यात पडद्याचा ३७.५ टक्के. त्यांना या बरोबरीचं फार कौतुक वाटलं. ‘‘बघ, इकडून नाहीतर तिकडून, साडेसदतीस टक्के जायचेच. मग पडदा का घालवायचा? पडद्याचे पैसे मोजलेत. फोटो काय, आपलेच.’’

काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या भाजी निवडायला फ्रेमकडे पाठ करून बसायला लागल्या. पहिल्या दिवशी गवार. दुसऱ्या दिवशी पालक. वालाच्या शेंगा झाल्या तिसऱ्या दिवशी, आणि शेंगा सोलायला वेळ लागतो.

चौथ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन वर जाताना दार उघडं होतं. फ्रेमवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. वही टेबलावर उघडी, शाई ओली : ‘पडद्याचा ३७.५ टक्के भाग विनावापर ठेवण्यात येत आहे. कारण : घरगुती.’ काकू खाली, फ्रेमकडे तोंड करून.

‘‘ये रे. आता बघ, कुंकू आलं,’’ त्या म्हणाल्या, आणि मग थोडं पुढे झुकून, ‘‘अहो, हे खाली काळं काय आलंय? फोटो खराब झाला का?’’

वरचं कपाळ आलं होतं, तसं खालचंही काही आलं होतं. पर्वतीच्या पायऱ्यांवर, काकूंच्या पावलांच्या अलीकडे, एक सावली पडली होती. पायरीपायरीवर मोडत गेलेली, घडी घातलेल्या धोतरासारखी. डोळ्याशी कॅमेरा धरलेले दोन्ही कोपर बाहेर आलेले, त्यामुळे ती दोन कानांच्या पातेल्यासारखी दिसत होती.

‘‘मी आहे तो,’’ अप्पा म्हणाले. ‘‘त्या कॅमेऱ्याला सूर्य पाठीशी लागायचा. नाहीतर फोटो यायचा नाही.’’

दहा सेकंदांनी पेशवे पार्क. फुलराणीच्या रुळांवर तेच पातेलं. मग सिंहगड. मग सारसबागेचं तळं, काठाच्या दगडावर पातेलं. काकू प्रत्येक फोटोला आधी स्वतःकडे बघत, मग खाली. मग नुसत्याच खाली बघायला लागल्या. ‘‘अगंबाई, सगळीकडे आहेत की हो तुम्ही.’’

अप्पांनी उत्तर दिलं नाही. पुढचा फोटो महाबळेश्वरचा, वेण्णा तलावाचा होता. यात सावली खूपच लांब होती, काकूंच्या साडीच्या काठापर्यंत पोचलेली. अप्पांनी रिमोट उचलला आणि फोटो थांबवला. दहा सेकंदं झाली, मिनिट झालं, तरी पुढचा येईना.

‘‘सावली एवढी लांब,’’ ते बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘‘म्हणजे साडेचारचा सुमार असणार. पाचची गाडी होती आपली, स्वारगेटची.’’

‘‘ती चुकली होती,’’ काकू फ्रेमवरची नजर न काढता म्हणाल्या. ‘‘मला घोड्यावर बसायचं होतं. तुम्ही तीन घोडेवाल्यांकडे भाव विचारत हिंडलात.’’

‘‘मग कितीला पडला घोडा?’’ मी विचारलं.

‘‘घेतलाच कुठं,’’ काकू म्हणाल्या.